घट्ट पाणी

बियाण्याच्या कंपनीच्या गेटवरून फोन आला तेव्हा मी कपाशीच्या कळीतला एक थर मरताना बघत होते. म्हणजे तो मेलेलाच होता, काचपट्टीवर निळा रंग देऊन चिकटवलेला. पण इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घालूनही मला दर वेळी वाटतं की हे आत्ता, माझ्यासमोर चाललंय. वॉचमन म्हणाला, "मॅडम, एक म्हातारी आलीय. तुमची माय हाय म्हणून राह्यली. कानातून रक्त येऊन राह्यलंय. आत सोडू का?" सोडू का! मी पळत गेले तर माय गेटच्या बाहेर उन्हात उभी, कारण पास नाही. पदराचा बोळा डाव्या कानाशी धरलेला, पदर खांद्यापर्यंत लाल. वॉचमन काहीतरी नियम सांगायला लागला आणि माझा हात उठला. खरंच उठला, त्याच्या कानशिलापर्यंत गेला. मायनेच तो वरच्यावर धरला आणि म्हणाली, "त्यो बिचारा काय करंल? तू जेवलीस का?"

जेवलीस का! मी तिचा पदर बाजूला केला. कानाची पाळी खालपर्यंत चिरून दोन फाका झाल्या होत्या आणि मधून रक्त झिरपत होतं. मी विचारलं, कुणी केलं. विचारायची काय गरज होती? घरात हात एकाचाच चालतो. तिने पदराची गाठ सोडून मला कानातलं सोन्याचं फूल दाखवलं, हरवलेली सुई परत सापडावी इतक्या साध्या आनंदाने. "सापडलं बाई. खाटंखाली गेल्तं. मंग म्हणलं, कान शिवून तरी यावा."

डॉक्टरने टाके घातले तेव्हा ती हूं की चूं करत नव्हती. मीच ओरडत होते डॉक्टरवर, की सावकाश घाला. आमच्या प्रयोगशाळेतली शिखा मदतीला आली होती. ती म्हणाली, पोलिसात जाऊ या, मी येते. माय तिच्याकडे बघून हसली. मग मला म्हणाली, "जल्दी कर. त्यायला खाऊ घालायचंय. तुझ्या रामरावकाकाची बायको बसलीय तिथं, पर तिला भरवता येत न्हाई." मला वाटलं माझं डोकं फुटेल. ज्याने कान फाडला त्याच्या तोंडात घास घालायची घाई! मी म्हटलं, बस मागे, नेते तुला. मी पोचवायला निघाले नव्हते. अंबडच्या रस्त्याला लागले तेव्हाच मला स्वच्छ माहीत होतं की मी माझ्या बापाला मारायला चाललेय.

बाप म्हणजे अप्पाराव. वडीगोद्रीच्या पलीकडे आमची वस्ती, आणि तिथल्या चार गावांत त्याला मुकादम म्हणून ओळखतात. बियाण्याच्या कपाशीवर संकर करायला ज्या बाया लागतात त्या गोळा करायच्या, त्यांच्याकडून काम काढून घ्यायचं, हे त्याचं काम. दुपारनंतर बाया एकेका ओळीत शिरतात. उद्या उमलणारी कळी अंगठ्याच्या नखाने सोलायची, आतले पुंकेसर खुडून काढायचे आणि उघड्या पडलेल्या मादीवर लाल कागदी पिशवी घालायची. सकाळी दुसऱ्या ओळीतलं नराचं फूल आणून तिच्यावर घासायचं. एक पुंकेसर चुकून राहिला की फूल स्वतःच स्वतःला फळवतं आणि ते बी भेसळीचं ठरतं. बाया त्याला 'सेल्फ' म्हणतात, अगदी शिवीसारखं. अप्पा संध्याकाळी पिशव्या काढून तपासायचा. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख त्याने बायांपेक्षा लांब ठेवलं होतं, आणि काखेत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काठी. सेल्फ सापडला की काठी बोटांवर बसायची. बोटांवरच, दुसरीकडे नाही, कारण चूक बोटांची. दुसऱ्यांच्या बाया म्हणून तेवढ्यावर भागायचं. माझी माय घरची होती.

मागे माय माझ्या कमरेला धरून बसली होती. तिला स्कूटरची भीती वाटते, त्यामुळे खड्डा आला की तिची बोटं माझ्या पोटात रुततात. दोन्ही बाजूंना रानं हिरवी होती आणि मध्येमध्ये बियाण्याचे प्लॉट, त्यांत लाल पिशव्या. येणारे-जाणारे म्हणत असतील, काय छान दिसतं. मला त्यात आमचा हौद दिसतो. गुरांचा हौद, कडेला शेवाळ आलेला. मी तेव्हा चौथीत होते. मायच्या ओळीतलं बी तपासणीत भेसळीचं निघालं, अख्खा प्लॉट नापास झाला, आणि अप्पा घरी आला तो सरळ तिचे केस धरून हौदाशी गेला. डोकं पाण्यात दाबलं. वर काढून विचारलं, "सेल्फ कुणी ठेवला?" ती श्वास घेईपर्यंत पुन्हा दाबलं. पाण्यावर बुडबुडे येत होते, आधी मोठे, मग बारीक. अप्पा त्या बुडबुड्यांकडे लक्ष देऊन बघत होता, दूध उतू जाऊ नये म्हणून बघावं तसा. तेवढंच बरोबर कळायचं त्याला, कुठे थांबायचं ते. मेली नाही ती. संध्याकाळी त्याच हौदातलं पाणी काढून तिने त्याला आंघोळीला दिलं, ते मात्र मला अजून गिळता येत नाही. मारणं मला कळतं. माझाही हात तसाच आहे, जाड अंगठ्याचा, पटकन उठणारा. लग्न केलं नाही त्याचं कारण लोकांना मी शिक्षण सांगते. खरं कारण हा हात आहे.

माझं काम सांगायला गेलं तर सोपं आहे. फुलाच्या परागकोशात आतल्या बाजूने एक थर असतो, टॅपेटम. त्याचं काम परागकणांना भरवायचं. बाळंतिणीजवळच्या दाईसारखा तो थर असतो. आणि परागकण भरत आले की या थराने मरायचं. मरून विरघळायचं, शेवटचा घासही आपल्याच अंगाचा द्यायचा. लवकर मेला तर पराग उपाशी राहतात. वेळ टळूनही जगत राहिला, फुगून बसला, तरी पराग वांझ निघतात. मला ही वेळ हातात घ्यायची आहे. नर आपोआप वांझ निघणारी कपाशी तयार झाली की कुठल्याच बाईला ओळीत वाकून कळ्या सोलाव्या लागणार नाहीत, आणि कुठल्याच मुकादमाला पिशव्या उघडून बघाव्या लागणार नाहीत. कंपनीला त्यात मजुरीची बचत दिसते. मला काय दिसतं ते मी कंपनीला सांगत नाही. वेळ टळून गेल्यावर जगत राहिलेला, फुगून बसलेला थर पहिल्यांदा काचेखाली दिसला तेव्हा माझ्या तोंडून 'अप्पा' असंच आलं होतं. शिखाला वाटलं मला चक्कर आली.

थराला मरायला सांगतं कोण, तर बरंच काही सांगतं, त्यातला माझा वाटा म्हणजे पॉलिअमाइन. बारीक रेणू असतात. त्यातल्या एकाचं नावच कुजक्या मांसाच्या वासावरून पडलंय. तरी ते सगळ्या जिवंतात असतात, पानात, रक्तात, आईच्या दुधातसुद्धा. पेशी यांच्याच जिवावर उभी राहते, वाढते, एकीच्या दोन होते. आणि हेच रेणू मोडायला लागले की त्यातून पेरॉक्साइड सुटतं आणि तीच पेशी आतून संपते. शिखा एकदा वैतागून म्हणाली होती, "अगं, मग हे जगवतं की मारतं? एक काय ते सांग ना." मी म्हटलं, दोन्ही. कधी, किती, एवढाच प्रश्न. बाहेरून कुणी मारायला येत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. चाकू नाही, काठी नाही, आवाज नाही, शेजारच्या पेशीला पत्ता नाही. पेशीच्या हाताशी सगळं आधीपासून ठेवलेलं असतं. ते ती एक दिवस स्वतःच्या हाताने उचलते. मी हे इतक्या वेळा लोकांना समजावलंय की आता मला ते पाठ झालंय, आणि पाठ झालेल्या गोष्टीचा आपण विचार करत नाही.

अंबड आलं. बसस्टँडसमोर माय म्हणाली, थांब, त्यायच्यासाठी केळी घेऊ, पिकून मऊ झालेली. मी थांबले नाही. तिने माझ्या पाठीवर हलकी चापट मारली. मी म्हटलं, "माय, कान कशावरून फाडला ते तरी सांग." ती वाऱ्यात काहीतरी बोलली. मी गाडी बाजूला घेतली, एका बाभळीखाली, आणि पुन्हा विचारलं.

"पाणी मागितलं त्यायनं."

"मग?"

"म्या न्हाई म्हणले. तूच न्हाई म्हणायला लावलंय ना? तुझं घट्ट पाणी दिलं तर थुकले माझ्या तोंडावर. म्हणले, हे पाणी न्हाई, शेंबूड हाय. मंग म्या वाकून पुसून राह्यले व्हते, तर धरलं कानाला."

मी गाडीच्या स्टँडला लाथ मारली. माझ्याच पायाला लागलं. खरंच होतं, मीच लावलं होतं. गेल्या दिवाळीनंतर अप्पाला झटका आला आणि डावं अंग गेलं. देवाला नेम धरता आला नाही, डावं नेलं आणि उजवं ठेवलं. घशाचीही एक बाजू गेली. जालन्याचा डॉक्टर मला समोर बसवून म्हणाला, पातळ काही द्यायचं नाही, पाणी तर नाहीच, ते अन्ननळीत न जाता फुफ्फुसात उतरेल आणि दोन-चार वेळा असं झालं की माणूस गेला. म्हणून ती पावडर. पाण्यात घालून ढवळलं की पाणी पेजेसारखं घट्ट होतं, आणि चमच्याने भरवता येतं. मी मायला बसवून शिकवलं, दटावून सांगितलं. का सांगितलं? तेव्हाच गप्प बसले असते तर? पण मी शास्त्रज्ञ ना, मला सगळं बरोबर करून पाहिजे असतं. वस्तीवर तर याच्यावरून मायची छी-थू झाली. तहानल्या माणसाला पाणी नाही म्हणायचं? वैऱ्यालाही कुणी म्हणत नाही. बाया येऊन तिला सांगायच्या, सोनूबाई, पाप लागंल, जीव घुटमळतोय त्याचा, दोन घोट दे. आणि माय दारात उभी राहून प्रत्येकीला म्हणायची, माझ्या शिवकन्येची ताकीद हाय. ज्या माणसाने तिला पाण्यात बुडवलं त्याला पाण्यापासून ती वाचवत होती, आणि त्यापायी कान फाडून घेत होती. मी म्हटलं, "तुला कळतं का माय, तू काय करतेस?" ती म्हणाली, "चल बाई, उशीर व्हतोय."

रामरावकाकाची बायको ओट्यावर बसली होती. आम्हाला बघून ती सुटल्यासारखी उठली. "पाणी पाणी करून जीव टाकून राह्यलेत भावजी. म्या न्हाई दिलं बाई, पर माझ्यानं ऐकवंना." ती गेली. घरात शिरताच वास आला, अंथरुणाचा, पाठीवरच्या जखमेचा, प्रयोगशाळेतल्या माझ्या बाटल्यांतला तोच कुजका वास. अप्पा खाटेवर उताणा. तोंडाची एक बाजू लोंबलेली, ओठ कोरडे पडून चिरलेले. डोळे मात्र जिवंत. ते आधी मायच्या कानावरच्या पट्टीवर गेले, मग माझ्यावर आले. "शिवा," असा काहीतरी आवाज केला आणि मग स्पष्ट म्हणाला, "पाणी." त्याचा एवढा एकच शब्द स्पष्ट राहिला होता. उजवा हात पांघरुणावर पडलेला होता आणि त्या लांब नखाखाली रक्त वाळून काळं झालं होतं. मायचं रक्त. ते बघितलं आणि माझ्या आत जे काय होतं ते गप्प झालं. एकदम गप्प. रस्ताभर मी मनात उशी दाबली होती, गळा धरला होता, हौदापर्यंत फरपटत नेलं होतं. आता कशाचीच गरज नव्हती. हा माणूस मरण मागत होता आणि त्याला पाणी म्हणत होता.

मी माठातून तांब्या भरला. थंडगार पाणी, बाहेरून तांब्या ओला झाला. वस्तीतल्या कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, लेक असावी तर अशी. खाटेवर बसले, त्याच्या मानेखाली हात घातला आणि तांब्या ओठाला लावला. वरून ओतायचं, बस. तो इतके महिने ज्याच्यासाठी रडत होता ते ओठाला लागलं आणि त्याने माझ्याकडे बघितलं. काय दिसलं त्याला कुणास ठाऊक. कळ्या तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस, चुकून आत राहिलेलं त्याला दिसायचंच. त्याने ओठ मिटले. घट्ट मिटले. चांगली बाजू मिटली, लोंबलेली मिटेना, तिथून पाण्याची धार हनुवटीवर उतरली आणि तो भ्यायला. अप्पा भ्यायला! हे बघायला मी तीस वर्षं थांबले होते आणि ते इतकं लहान होतं, इतकं घाणेरडं.

"दे की," मागून माय म्हणाली. "मागून राह्यलेत ना."

मी वळले. ती भिंतीला टेकून उभी होती, हात पदराखाली. तिला काही समजलं नसेल असं मला वाटलं. म्हणाले, "माय, हे पातळ आहे. हे फुफ्फुसात जातं. सांगितलंय तुला."

"सांगितलंय की. म्हाईत हाय मला."

"मग?"

"माझ्यानं न्हाई होत, शिवा. दोन-तीन बार तांब्या भरला म्या. हात थरथरतो. सवय न्हाई ना हाताला. म्हणून तर तुझ्याकडं आल्ते." मग अंगठ्याने डोळ्याचा कोपरा पुसत म्हणाली, "कान तर काय, इथल्या दवाखान्यातबी शिवला असता."

माझा हात खाली आला. दिवसभर मला वाटत होतं हा राग माझा आहे, मी पाळलाय, मी वाढवलाय. तो मायने दुधातून दिला होता आणि आज मागायला आली होती. केळी घेऊ म्हणत होती, घाई कर म्हणत होती, आणि मागे बसून मला इथे आणत होती. आणि अप्पाला ते ऐकू येत होतं सगळं. तो मायकडे बघत होता. जन्मात पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघत असावा. मला रडायला आलं. माझ्या हातात त्याचाच अंगठा आणि तिचाच तांब्या, मग मी कुठे आहे यात? मी तांब्या माझ्याच तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायले. घटाघटा, आवाज करून, गळ्यावरून छातीवर सांडत. तो बघत होता. त्याचा घसा माझ्या घोटाबरोबर हलत होता, तेवढं दुष्टपण मी माझ्यासाठी केलं.

मग उठून तांब्या पुन्हा माठातून भरला. खाटेच्या उजव्या अंगाला लाकडी स्टूल सरकवलं, त्याचा हात पोचेल इतकं जवळ, आणि तांब्या त्यावर ठेवला. झाकणाच्या वाटीत पावडर घालून पाणी ढवळलं, घट्ट झाल्यावर ती वाटीही तिथेच ठेवली, शेजारी चमचा. आयुष्यभर ज्याला 'तुम्ही' म्हटलं त्याला म्हणाले, "अप्पा, हे घट्ट. हे पातळ. घट्टाने जगशील, पातळाने मरशील, हे डॉक्टरने तुलाही सांगितलंय. तुझा हात चांगला आहे." त्याची बोटं हलली. नख स्टुलाच्या कडेला लागून टकटक वाजलं. मायला म्हटलं, "चपला घाल."

"कुठं?"

"माझ्याकडे. कायमची."

ती खाटेजवळ गेली. मला वाटलं आता पाया पडेल, रडेल. तिने त्याच्या हनुवटीवरचं पाणी पदराने टिपलं, त्याच रक्ताच्या पदराने, स्टूल ठीकठाक केलं, आणि चपला घातल्या. रामरावकाका ओट्याखाली उभा होता. त्याला सांगितलं, मायला नेतेय, अप्पाकडे बघत जा. तो म्हणाला, "अन् त्याला भरवंल कोण?" मी म्हटलं, "त्याचा उजवा हात चांगला आहे काका, तुम्हाला काय सांगायचं?" त्याने मान खाली घातली. त्यानेही हौदाचे बुडबुडे बघितले होते, भावाचं घर म्हणून मध्ये न पडता.

वडीगोद्रीच्या पुढे ऊन उतरलं होतं. रानात बाया ओळींत वाकल्या होत्या आणि कुणीतरी मुकादम बांधावर उभा होता. मायने या वेळी माझ्या कमरेला धरलं नव्हतं, मांडीवर हात ठेवून बसली होती. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, आत्ता हात कुठे गेला असेल, वाटीकडे की तांब्याकडे. मी त्याला मारलं नाही, हे मी स्वतःला सांगत होते. कुणीच नाही मारलं. हाताशी ठेवलं फक्त, निवड त्याची आहे. अगदी पाठ झाल्यासारखं सांगत होते. तेवढ्यात एकदम आठवलं आणि मी गाडीचा वेग कमी केला.

"माय, तू स्टुलापाशी काय करत होतीस?"

"वाटीवर झाकण ठिवलं. घट्ट बसवलं. माश्या लई झाल्यात," ती म्हणाली. मग, थोडा रस्ता गेल्यावर, "एका हातानं निघत न्हाई ते."